दाढीचे केस कायमचे काढण्याची सर्व्हिस: ट्रान्सजेंडर महिला ग्राहकाला काय विकायचं आणि काय नाही



पार्लरचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: "आमच्या गल्लीत आधीच चार पार्लर आहेत, मी पाचवं काढून काय करू?" माझं उत्तर ठरलेलं आहे. त्या चौघींनी दारातून परत पाठवलेलं गिऱ्हाईक कोण आहे, ते शोधा. आज अशाच एका गिऱ्हाईकाबद्दल बोलूया. तिला आयब्रो करायच्या नाहीत, फेशियल नको आहे. तिला दाढी नको आहे, आणि ती कायमची नको आहे.

ट्रान्सजेंडर महिला म्हणजे जन्माच्या वेळी जिला मुलगा म्हटलं गेलं, पण जी स्त्री आहे आणि स्त्री म्हणून जगते किंवा जगू पाहते. २०११ च्या जनगणनेत देशभरात ४ लाख ८८ हजारांच्या आसपास लोकांनी लिंगाच्या रकान्यात 'इतर' लिहिलं, त्यातले सुमारे ४१ हजार महाराष्ट्रात. घरच्यांसमोर किती जणींनी खरं सांगितलं असेल याचा विचार केलात, तर हा आकडा कमीच धरावा लागेल. पण आज मी बाजार किती मोठा आहे हे सांगायला बसलेलो नाही. हे काम चुकीच्या पद्धतीने विकलं तर समोरच्या माणसाचा चेहरा कायमचा बिघडतो, आणि बरोबर विकलं तर तीच ग्राहक दीड-दोन वर्षं तुमच्याकडे नियमित येते. म्हणून आधी माहिती, मग गणित.

तिचा प्रश्न नेमका काय आहे?

बऱ्याच जणांना वाटतं की हार्मोन सुरू केले की दाढी आपोआप जाते. तसं होत नाही. इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉन कमी करणारी औषधं यांनी अंगावरचे केस हळूहळू विरळ होतात, डोक्यावरचं टक्कल थांबू शकतं. पण वयात येताना जे दाढी-मिशीचे केस एकदा जाड झाले, ते जाडच राहतात. वाढ थोडी मंदावते, इतकंच.

मग ती रोज सकाळी दाढी करते. दाढी केल्यावरही कातडीखालचा केस काळाच असतो, त्यामुळे गालावर आणि ओठांवर ती निळसर-हिरवट छटा दिसत राहते. ती झाकायला आधी नारंगी करेक्टर, त्यावर फाउंडेशनचा जाड थर. दुपारी तीनपर्यंत खुंट वर येतात. लोकलच्या लेडीज डब्यात, ऑफिसच्या वॉशरूममध्ये, घर भाड्याने बघायला गेल्यावर, लोकांची नजर आधी तिथेच जाते. त्या नजरेनंतर काय होईल, याची धास्ती ती रोज घेऊन निघते. तुमच्यासाठी ही एक सिटिंग असेल, तिच्यासाठी घराबाहेर पडायचं की नाही याचा निर्णय आहे. वर्ल्ड प्रोफेशनल असोसिएशन फॉर ट्रान्सजेंडर हेल्थ या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही चेहऱ्यावरचे केस काढणं हे वैद्यकीय गरजेच्या उपचारांमध्येच धरलं आहे.

हिजडा समाजात चिमट्याने एकेक केस उपटण्याची पद्धत जुनी आहे. वर्षानुवर्षं उपटल्याने केस आत वळतात, पुटकुळ्या येतात, काळे डाग पडतात. शिवाय केसाचं मूळ वेडंवाकडं झालेलं असतं, त्यामुळे पुढचं काम अवघड होतं. अशी ग्राहक आली तर "हे काय करून घेतलंत!" असं तोंडातून येऊ देऊ नका. तिच्याकडे तेव्हा दुसरा पर्याय नव्हता.

दोन पर्याय, आणि 'कायमचं' या शब्दाचा अर्थ

थ्रेडिंग, वॅक्सिंग, क्रीम, ट्रिमर हे सगळं तात्पुरतं. कायमच्या दिशेने जाणारे रस्ते दोनच: लेझर आणि इलेक्ट्रोलिसिस.

अमेरिकेची एफडीए या दोघांसाठी वेगळे शब्द वापरते, आणि ते तुम्ही पाठच करा. लेझरसाठी शब्द आहे 'केसांमध्ये कायमची घट'. इलेक्ट्रोलिसिससाठी शब्द आहे 'केस कायमचे काढणं'. आपल्याकडच्या पोस्टरवर मात्र सगळीकडे 'परमनंट हेअर रिमूव्हल' असंच छापलेलं असतं, मग आत मशीन कुठलंही असो.

लेझरचं तत्त्व सोपं आहे. केसातला काळा रंग प्रकाश शोषतो, तापतो आणि मुळाला इजा होते. म्हणजे केस काळा आणि जाड असेल तर काम चांगलं, पांढरा किंवा पिकलेला असेल तर शून्य. पंचेचाळिशीच्या ताईंची दाढी मीठ-मिरी झाली असेल, तर लेझर त्यातली मिरी कमी करेल, मीठ तसंच ठेवेल. शिवाय कातडीतही तोच काळा रंग असतो. आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर चुकीचं मशीन किंवा चुकीचं सेटिंग लावलं, तर केसाआधी कातडी भाजते. गडद त्वचेला १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग लेझर जास्त सुरक्षित मानतात. ७५५ नॅनोमीटरचं अलेक्झांड्राइट गोऱ्या त्वचेवर चांगलं चालतं, सावळ्या त्वचेवर जपून. डायोड या दोघांच्या मधलं, ८१० च्या आसपास. चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ सिटिंग, दाट दाढीला त्याहून जास्त, आणि नंतर अधूनमधून टच-अप. काही जणींना चेहऱ्यावर लेझरनंतर उलट नवे केस आलेलेही दिसतात. हे कमी होतं, पण होतं, आणि डॉक्टरांना ते माहीत असतं.

आता माझं स्पष्ट मत. लेझर हा तुमचा धंदा नाही. तो त्वचारोगतज्ज्ञाचा आहे. ऑनलाइन स्वस्तात मिळणारं 'डायोड' किंवा आयपीएल मशीन आणून पार्लरच्या मागच्या खोलीत चालवणं हा प्रकार मी कितीतरी ठिकाणी बघितला आहे. ऑफरमध्ये मशीन मिळतं, सोबत दोन दिवसांचं ट्रेनिंग आणि फ्रेम केलेलं सर्टिफिकेट मिळतं. भाजलेल्या गालाचा डाग मात्र त्या सर्टिफिकेटने जात नाही. एक चेहरा भाजला की ती ग्राहक गेली, तिच्या ओळखीच्या सगळ्या गेल्या, आणि पोलीस स्टेशन किंवा ग्राहक आयोगाची पायरी वेगळी.

इलेक्ट्रोलिसिस ही जुनी विद्या आहे. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या चार्ल्स मिशेल या डोळ्यांच्या डॉक्टरने १८७५ मध्ये डोळ्यात टोचणाऱ्या पापण्यांसाठी ती वापरल्याचं लिहिलं. केसाच्या छिद्रातून केसाइतकीच बारीक सुई आत सरकवायची, थोडा वीजप्रवाह सोडायचा आणि मूळ नष्ट करायचं. प्रवाह तीन प्रकारचे. गॅल्व्हानिकमध्ये मुळाशी असलेल्या मिठाच्या पाण्यापासून तीव्र क्षार तयार होतो आणि तो मूळ संपवतो. हळू पण भरवशाचं. थर्मोलिसिसमध्ये उच्च वारंवारितेच्या प्रवाहाने उष्णता होते, झटपट. आणि ब्लेंडमध्ये दोन्ही एकत्र. जाड, वाकड्या मुळांच्या दाढीला ब्लेंड उपयोगी पडतं.

यात केसाचा रंग आणि त्वचेचा रंग याने फरक पडत नाही. पांढरा केसही जातो. पण एकेक केस करायचा असतो, आणि खरी मेख इथे आहे. शिवाय एका वेळी सगळे केस वाढीच्या टप्प्यात नसतात, काही झोपलेले असतात. त्यामुळे तोच भाग पुन्हा पुन्हा करावा लागतो. पूर्ण दाढीला शंभराहून जास्त तास लागणं नेहमीचं आहे, आणि ते दीड-दोन वर्षांत किंवा त्याहून जास्त काळात पसरतात.

म्हणून समजून-उमजून चालणाऱ्या बऱ्याच जणी मधला रस्ता घेतात. आधी डॉक्टरकडे लेझर करून काळी दाट दाढी विरळ करायची, मग उरलेले, बारीक आणि पांढरे केस इलेक्ट्रोलिसिसने संपवायचे. तुमची जागा या दुसऱ्या टप्प्यात आहे. एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाशी बोलून घ्या: लेझरसाठी तुम्ही त्यांच्याकडे पाठवा, उरलेल्या केसांसाठी ते तुमच्याकडे पाठवतील, आणि त्वचेबद्दल शंका आली तर त्यांचा नंबर हाताशी असेल. फक्त त्यात कमिशन आणू नका. पेशंट पाठवण्याचं कमिशन डॉक्टरांच्या आचारसंहितेत बसत नाही, आणि चांगले डॉक्टर त्या शब्दालाच बिचकतात.

शिकायचं कुठे, आणि किती?

आपल्याकडे हे शिकवणारे कमी आहेत, शिकवल्याचं सर्टिफिकेट देणारे खूप आहेत. अंदाज यावा म्हणून सांगतो, कॅलिफोर्नियात इलेक्ट्रॉलॉजिस्टचं लायसन्स मिळवायला ६०० तासांचं प्रशिक्षण लागतं. वीकेंड कोर्सवाल्याला एकच प्रश्न विचारा: "माझ्या हाताने, खऱ्या माणसावर, तुमच्या नजरेखाली किती तास होतील?" उत्तर गोलमोल आलं तर फी परत खिशात.

हात बसला की नाही, याची खूण केसच देतो. मूळ नीट नष्ट झालं असेल तर चिमट्यात धरल्याबरोबर केस लोण्यातून निघावा तसा सरकत बाहेर येतो. ओढावा लागला, टचकन तुटल्यासारखं झालं, तर तुम्ही तो फक्त उपटला आहे. ग्राहकाने पैसे दिले इलेक्ट्रोलिसिसचे, तुम्ही केलं प्लकिंग. तो केस परत येणार, आणि तीही परत येणार, पण भांडायला.

सुई प्रत्येकीसाठी नवी, निर्जंतुक पाकिटातली, तिच्यासमोर फोडायची. वापरलेली सुई कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात जातात आणि तो डबा अधिकृत कचरा संकलन करणाऱ्यांकडेच द्यायचा असतो. परवानगीचं आणि कराराचं काम दुकान उघडण्याआधी करून घ्या. "हिला एचआयव्ही असेल का?" असा प्रश्न मनात आला तर तो मनातच ठेवा. प्रत्येक गिऱ्हाईकाला एकच नियम लावला की तो प्रश्नच उरत नाही, आणि २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने असा भेदभाव करायला मनाईही आहे. पेसमेकर, केलॉइड म्हणजे व्रण वाढण्याची प्रवृत्ती, मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या, डायबेटिस, हे मात्र विचाराच, आणि होय असेल तर आधी डॉक्टर.

दुखतं का? दुखतं. वरच्या ओठाला तर डोळ्यातून पाणीच येतं. बधिर करणारी क्रीम डॉक्टरांनी सांगितलेली आणि त्यांनी सांगितली तेवढीच. भरपूर क्रीम मोठ्या भागावर लावून वर प्लास्टिक गुंडाळण्याच्या प्रकारातून अमेरिकेत तरुण मुलींचे मृत्यू झाले आहेत, आणि तिथल्या एफडीएने त्यावर जाहीर इशारा दिला होता. "थोडी जास्त लाव गं, दुखतंय" असं ती म्हणाली तरी हात आवरा.

एक काम सुरुवातीला घेऊच नका: शस्त्रक्रियेआधी खालच्या भागाचे केस काढणं. काही शस्त्रक्रियांमध्ये तीच त्वचा शरीराच्या आत जाते, आणि तिथे केस राहिला तर नंतर त्रास होतो. कुठला भाग, किती स्वच्छ, हे सर्जन ठरवतात. ते अनुभवी हाताचं काम आहे.

वेळापत्रक हाच तुमचा खरा यूएसपी

इथे बहुतेक जण चुकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. इलेक्ट्रोलिसिसला केस चिमट्यात धरता येईल इतका वाढलेला लागतो. म्हणजे दोन-तीन दिवस दाढी करायची नाही. आता विचार करा, जी बाई रोज सकाळी उठून पहिलं काम दाढीचं करते, तिला तुम्ही सांगताय की तीन दिवस खुंट घेऊन फिर. वर सिटिंगनंतर एक-दोन दिवस चेहरा लाल, सुजलेला, आणि त्यावर मेकअप नाही. नोकरी करणारीचा अख्खा आठवडाच गेला!

उपाय साधा आहे. एका वेळी एकच भाग घ्या. या आठवड्यात वरचा ओठ, पुढच्या आठवड्यात हनुवटी. ज्या भागावर काम आहे तेवढ्याचेच केस वाढवायचे, बाकीची दाढी तिने खुशाल करावी. तेवढा भाग मास्कखाली झाकता येतो. ऑफिसवाल्यांना शुक्रवार संध्याकाळ किंवा शनिवार द्या, म्हणजे सूज घरी उतरते. बधाई किंवा मंगतीवर जाणाऱ्यांचे कामाचे दिवस वेगळे असतात, त्यांना विचारून ठरवा. सणाच्या आणि लग्नसराईच्या काळात त्यांची कमाई असते, तेव्हा सुजलेला चेहरा त्यांना परवडत नाही. आणि लेझरही चालू असेल तर गणित उलटं होतं: लेझरआधी शेव्ह करून जायचं असतं, आणि आधीचे चार-सहा आठवडे केस मुळापासून काढायचे नसतात, म्हणजे त्या भागावर इलेक्ट्रोलिसिसही नाही. प्रत्येकीच्या नावाचं एक कार्ड ठेवा आणि हे सगळं त्यावर लिहा.

कुठल्या नावाचं? ती सांगेल त्या. आधार कार्डावर काय आहे, ऑपरेशन झालंय का, घरी माहिती आहे का, हे केस काढायला लागत नाही, म्हणून विचारायचं नाही. "ताई" किंवा "मॅडम", बाकीच्या ग्राहकांना जे म्हणता तेच. ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा, २०१९ प्रमाणे लोकांसाठी खुली असलेली सेवा नाकारणं किंवा देताना वाईट वागवणं हा भेदभाव आहे, हे तुमच्या हाताखालच्या मुलींनाही सांगा. आरशामागे दोघींनी एकमेकींकडे बघून हसणं, एवढंही पुरतं. ती परत येत नाही.

आणि फोटो! बिफोर-आफ्टर फोटो हे आपल्या धंद्यातलं सगळ्यात स्वस्त मार्केटिंग, मीच तुम्हाला शिकवलंय. या सर्व्हिसमध्ये ते नको. तुमच्या स्टेटसवरचा एक गाल तिच्या मावसभावाने ओळखला तर तिचं घर सुटू शकतं, नोकरी जाऊ शकते. रेकॉर्डसाठी फोटो लागलाच तर तिच्या फोनवर काढा, तिच्याकडेच राहू द्या. जाहिरातीची चिंता करू नका. या समाजात बातमी तोंडोतोंडीच पसरते, चांगलीही आणि वाईटही. एका गुरूचा विश्वास बसला की चेले येतात. मुंबईत हमसफर ट्रस्टसारख्या जुन्या संस्था आहेत, तुमच्या शहरात कोण काम करतं ते शोधा, आणि विकायला न जाता ऐकायला जा.

आता गणित

खालचे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या गावाचे तुम्ही घाला.

धरा, तासाचा दर ८०० रुपये. भिंगाच्या दिव्याखाली मान वाकवून बसायचं काम आहे, त्यामुळे दिवसाला चार तासांपेक्षा जास्त धरू नका. महिन्याचे २२ दिवस म्हणजे ८८ तास, म्हणजे ७०,४०० रुपये. एक ग्राहक सुरुवातीच्या काळात महिन्याला साधारण सहा तास घेते असं मानलं, तर फक्त १४-१५ ग्राहकांत तुमचं कॅलेंडर भरतं. पार्लरला दिवसाला पंधरा लागतात! मात्र पहिलं वर्ष अर्धंच भरेल असं धरा, म्हणजे ३५,२०० रुपये. त्यातून भाडं, सुया, मशीनचा हप्ता आणि कचऱ्याचा करार गेला की हातात फार उरत नाही. म्हणून सुरुवातीला चालू पार्लरच्याच एका बंद खोलीत हे करा. पीसीओएसमुळे हनुवटीवर केस येणाऱ्या मुलींनाही हीच सर्व्हिस लागते, त्या तुमचं कॅलेंडर भरायला मदत करतील.

तिच्या बाजूनेही मांडा. १५० तास लागले तर १ लाख २० हजार. दोन वर्षांत महिन्याला ५,०००. हा आकडा तिला पहिल्या दिवशी, कागदावर लिहून द्या. "आठ सिटिंगमध्ये गॅरंटी" असलं पॅकेज विकून ॲडव्हान्स उचलू नका. तिच्याकडे लेझर-पॅकेजचे पैसे बुडाल्याचा अनुभव बहुधा आधीच असतो. तासाचे पैसे तासाला घ्या. मध्येच तिची नोकरी गेली, औषधांचा खर्च वाढला तर दोन महिने थांबू द्या. काढलेले केस तेवढ्यात परत येत नाहीत, आणि हेही तिला आधीच सांगा, म्हणजे पैसे संपले म्हणून ती लाजून यायची बंद होणार नाही.

पहिली भेट फुकट ठेवा, पंधरा मिनिटांची. कानाजवळचे दहा-बारा केस करून दाखवा, आठवडाभराने त्वचा कशी राहिली ते बघा, मगच पुढचं ठरवा. त्वचेला मानवलं नाही तर "तुमच्यासाठी हे नाही" हे सांगायची तयारी हवी.

भांडवलाबद्दल थोडक्यात. उद्यम नोंदणी आधी करून घ्या. पीएमईजीपीमध्ये सेवा उद्योगासाठी २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. आणि हे वाचणाऱ्या तुम्ही स्वतः ट्रान्सजेंडर असाल तर नीट ऐका: या योजनेत तुम्ही विशेष प्रवर्गात येता, म्हणजे शहरात २५ टक्के आणि ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान. खुर्चीत बसणाऱ्या बाईला काय वाटतंय हे तुम्हाला कोणी शिकवायची गरज नाही, त्यामुळे या धंद्यात तुम्ही आमच्या सगळ्यांच्या दोन पावलं पुढून सुरुवात करता. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये मशीन, ऑटोक्लेव्ह, भिंगाचा दिवा आणि सहा महिन्यांचं खेळतं भांडवल वेगवेगळं दाखवा. बँकेचा साहेब 'इलेक्ट्रोलिसिस म्हणजे काय?' असं विचारणारच, तेव्हा एका पानाची सोपी मराठी टिप्पणी सोबत जोडा. ती कशी लिहायची, ते पुढच्या व्हिडिओत करून दाखवतो.